मानदंड आणि मापनकाठी : हिमालयातील हिम-बर्फाचा बदलता जमाखर्च

भारतीय भाषांमधील हिमालयविषयक लेखन एकत्र ठेवून वाचू लागले की त्यातील एक गृहीतक हळूहळू ठळक होत जाते. हिमालयाच्या माथ्यावरील हिम या लेखनात वितळते, नद्यांना पाणी पुरवते, कधी वाटसरूच्या जिवावरही उठते. परंतु ते संपत नाही. ऋतू, राज्ये, यात्रेकरूंच्या पिढ्या बदलतात आणि या सर्व बदलांच्या मागे न बदलणारी पार्श्वभूमी म्हणून हिमशिखरे उभी असतात. हे गृहीतक मात्र वाटते तितके प्राचीन नाही. 'कुमारसंभवा'च्या प्रारंभी कालिदासाने हिमालयाला पृथ्वी मोजण्याच्या दंडाची उपमा दिली आहे, हे सर्वश्रुत आहे. त्याच वर्णनात हिमाची गणना मात्र गुणांत नसून दोषात होते. असंख्य रत्ने प्रसवणाऱ्या या पर्वताचे वैभव एवढ्या एका उण्याने कमी होत नाही, असा कवीचा युक्तिवाद आहे. म्हणजे कालिदासासाठी हिम ही क्षम्य उणीव होती. तीच उणीव आधुनिक काळातील प्रवासवर्णनांत पर्वताचे सर्वस्व बनली. काका कालेलकरांचा मूळ गुजरातीतील 'हिमालयनो प्रवास', जलधर सेन यांचे बंगालीतील 'हिमालय', राहुल सांकृत्यायन यांची लडाख, किन्नौर आणि एकूण हिमालयावरील हिंदी पुस्तके, या सर्वांच्या प्रवृत्ती भिन्न आहेत. कालेलकरांची दृष्टी यात्रिकाची, तर राहुलजींचे लक्ष माणसे, इतिहास आणि अर्थव्यवहार यांकडे. तरीही शिखरांवर हिम आहे आणि ते राहणार, याविषयी कोणालाही शंका घेण्याचे कारण नव्हते.

आज ते कारण निर्माण झाले आहे. हवामानबदलाच्या चर्चेत 'हिमालयातील बर्फ वितळत आहे' हे विधान इतक्यांदा उच्चारले जाते की त्याचा अर्थ काय, हे विचारण्याचे भानही राहत नाही. बर्फ वितळणे हा तर त्याचा धर्मच आहे. तो वितळला नसता तर भागीरथी वाहिली नसती. प्रश्न वितळण्याचा नाही. किती पडते, कोठे पडते, कोणत्या महिन्यात पडते आणि केव्हा वितळते, यांच्यातील जुना मेळ मोडण्याचा आहे. हा मेळ कसा होता आणि कसा मोडत आहे, हे समजून घेण्यासाठी प्रथम शब्दांकडे वळणे उपयुक्त ठरते.

'हिम' हा शब्द संस्कृतात थंडी आणि हिवाळा या अर्थांच्या परिवारातला आहे. 'हेमंत' त्याचाच सोयरा, आणि ग्रीक व लॅटिनमधील हिवाळ्याचे शब्दही याच मुळाचे मानले जातात. 'बर्फ' हा शब्द फारसीतून आला. फारसीत बर्फ म्हणजे आकाशातून पडणारे हिम. गोठलेल्या पाण्यासाठी तेथे 'यख' हा वेगळा शब्द आहे. मराठीने 'बर्फ' घेतला आणि त्याचा अर्थ फिरवला. मराठी माणसाच्या मनात या शब्दासरशी प्रथम उभी राहते ती कारखान्यातून भुश्यात गुंडाळून येणारी लादी. हे स्वाभाविकच आहे. ज्या प्रदेशात महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी गोठलेले दव ही हिवाळ्यातील वृत्तपत्रांची बातमी ठरते, त्या प्रदेशाच्या भाषेत दव, दहिवर आणि गारा यांच्यापलीकडच्या भेदांची गरज पडली नाही. याउलट जे समाज हिमनद्यांच्या शेजारी राहिले त्यांच्याकडे त्यांच्यासाठी स्वतंत्र, अनुवादाने न घडलेले शब्द आहेत: गढवालीत बामक, कुमाउनीत गल, लाहौलमध्ये शिग्री. डोकरियानी बामक किंवा छोटा शिग्री ही नावे शास्त्रीय नकाशांवर गेली ती तेथूनच. मराठीतील 'हिमनदी' हा घडवलेला शब्द असला तरी एका बाबतीत तो फार नेमका आहे. हिमनदी खरोखरच वाहते. दिवसाला काही सेंटिमीटर का होईना, स्वतःच्या भाराने ती उताराकडे सरकत असते. अडचण त्यातील पहिल्या पदाची आहे. ती हिमाची नसून बर्फाची असते आणि हिमाचा बर्फ होण्यात वर्षे जातात.

ताजे हिम अत्यंत हलके असते. एक घनमीटर ताज्या हिमाचे वजन ५० ते १०० किलोग्रॅम भरते, म्हणजे त्यात नव्वद टक्क्यांहून अधिक हवाच असते. एका उन्हाळ्यात ते वितळले नाही तर त्याचे स्फटिक गोल दाणेदार होतात, वर नवा थर पडतो, खालचा दबतो. घनता वाढत जाऊन घनमीटरला सुमारे ८३० किलोग्रॅमवर पोहोचली की कणांमधील हवेच्या वाटा बंद होतात आणि उरलेली हवा बुडबुड्यांच्या रूपाने कोंडली जाते. तेथे हिम संपते आणि बर्फ सुरू होतो. ही क्रिया उंचावर, हिमनदीच्या वरच्या भागात घडते. तेथे वर्षाकाठी जमा अधिक असते. खालच्या भागात, उष्ण हवेत, खर्च अधिक. दोहोंच्या मध्ये जमा आणि खर्च समान असतील अशी एक काल्पनिक रेषा असते. वरची शिल्लक सरकत सरकत खाली येते आणि तेथील तूट भरून काढते, म्हणून हिमनदी जागच्या जागी दिसते. प्रवासी ज्याला अचल म्हणतो ते प्रत्यक्षात एक सतत चालू राहिलेले हस्तांतर आहे. तापमान वाढले की ही समतोलरेषा वर चढते. ती हिमनदीच्या माथ्याच्याही वर गेली तर जमेची बाजूच उरत नाही, आणि जुनी ठेव खर्च करीत हिमनदी काही दशके जगते. डोळ्यांना ती तोवर हिमनदीच दिसते.

येथवरचे विवेचन जगातील कोणत्याही पर्वताला लागू पडेल. हिमालयाचे वेगळेपण पुढे आहे. पश्चिमेकडे, लडाख-काराकोरमच्या बाजूला, बहुतेक हिम हिवाळ्यात पश्चिमी विक्षोभांतून पडते आणि उन्हाळ्यात वितळते. जमेचा ऋतू आणि खर्चाचा ऋतू वेगळे आहेत. मध्य आणि पूर्व हिमालयात मात्र उंचावरील हिमाचा मोठा वाटा मोसमी पावसाच्या महिन्यांतच पडतो. मैदानात जो पाऊस तोच पाच हजार मीटरांवर हिम. म्हणजे जमा आणि खर्च एकाच ऋतूत, एकाच वेळी चालू असतात. अशा ठिकाणी तापमान थोडेसे वाढले तरी हिमाऐवजी पाऊस पडतो, आणि हानी तिहेरी होते. आलेली जमा गेली. पावसाचे पाणी हिमनदीवर टिकत नाही, वाहून जाते. शिवाय ताजे हिम आपल्यावर पडणाऱ्या सूर्यप्रकाशाचा ८० ते ९० टक्के भाग परत फेकते; तो पांढरा पडदा गेला की खालचा जुना, धूळमिश्रित बर्फ उघडा पडतो आणि तो उष्णता शोषून अधिक वेगाने वितळतो. मैदानांतील चुली, वीटभट्ट्या, डिझेलची वाहने आणि जाळलेले शेतातील अवशेष यांतून उठणारी काजळी वाऱ्यावर वर येऊन या शोषणात भर घालते. वातावरणाची उष्णताही पर्वतांत समान वाटली जात नाही. काठमांडू येथील आंतरराष्ट्रीय एकात्मिक पर्वतीय विकास केंद्राने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मूल्यांकनानुसार, जगाची तापमानवाढ दीड अंशावर रोखली तरी हिंदुकुश-हिमालय पट्ट्यात ती किमान १.८ अंश असेल आणि वायव्य हिमालय व काराकोरममध्ये त्याहून अधिक.

याला एक अपवाद फार चर्चिला गेला. काराकोरममधील कित्येक हिमनद्या विसाव्या शतकाच्या अखेरीपासून स्थिर राहिल्या, काही पुढेही सरकल्या. केनेथ हेविट यांनी २००५ मध्ये याला 'काराकोरम विसंगती' असे नाव दिले. हिवाळी हिमवृष्टी, उन्हाळ्यातील तुलनेने थंड हवा, जाड दगडमातीचे आवरण अशी अनेक कारणे त्यासाठी पुढे केली गेली. हा अपवाद तापमानवाढीच्या विरोधातला पुरावा म्हणून वापरण्याचा मोह अनेकांना झाला. परंतु जमाखर्चाच्या वहीत एका पानावर शिल्लक दिसली म्हणून वही नफ्यात आहे असे कोणताही हिशेबनीस म्हणणार नाही. अलीकडच्या मापनांत ती शिल्लकही आटत असल्याची चिन्हे आहेत.

हे सारे कळले कसे, हा प्रश्न तौलनिक साहित्याच्या अभ्यासकांना विशेष रुचावा असा आहे, कारण त्याच्या इतिहासात दोन कवींची घरे गुंतलेली आहेत. गंगोत्री हिमनदीच्या मुखाचा, म्हणजे गोमुखाचा, पहिला काटेकोर नकाशा १९३५ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील जॉन बिकनेल ऑडन यांनी तयार केला. हे डब्ल्यू. एच. ऑडन या कवीचे थोरले बंधू. दोनच वर्षांनी, १९३७ मध्ये, एरिक शिप्टन यांच्या शक्सगाम मोहिमेत ते काराकोरमच्या हिमनद्यांवर होते आणि त्या मोहिमेचे मोजणीदार होते मायकेल स्पेंडर, स्टीफन स्पेंडर या कवीचे बंधू. तीसच्या दशकातील इंग्रजी कवितेची दोन मोठी नावे लंडनमध्ये राजकारण आणि नाटक यांत गुंतलेली असताना त्यांचे भाऊ आशियाच्या माथ्यावर बर्फाची मोजणी करीत होते. ऑडन आणि क्रिस्टोफर इशरवुड यांचे 'द असेंट ऑफ एफ सिक्स' हे १९३६ चे नाटक एका काल्पनिक शिखरासाठी चाललेल्या साम्राज्यांच्या स्पर्धेविषयी आहे, आणि ते जॉन ऑडन यांना अर्पण केलेले आहे. नाटकातील पर्वत म्हणजे सत्ता, आई, मृत्यू. अर्थांनी इतका लादलेला की त्यावर खरे हिम पडायला जागाच उरत नाही. थोरल्या भावाच्या नकाशात एकही प्रतीक नव्हते. अमुक वर्षी बर्फाची कड अमुक खडकापाशी होती, एवढेच त्यात होते. काळाच्या ओघात दोघांपैकी कोणाचा दस्तऐवज हिमालयाविषयी अधिक सांगतो, याचे उत्तर आज अवघड राहिलेले नाही.

कारण त्या एका नोंदीमुळे पुढच्या सर्व नोंदींना अर्थ आला. १९३५ ते १९९६ या काळात गोमुख सुमारे ११५० मीटर, म्हणजे वर्षाला सरासरी १९ मीटर, मागे हटल्याचे भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या मोजणीतून निष्पन्न झाले. हे मागे हटणे एकसारखे नव्हते. काही वर्षे वेगाने, काही वर्षे मंद. मुखाच्या स्थानावरून काढलेल्या निष्कर्षांना मर्यादाही आहेत. सुमारे ३० किलोमीटर लांबीच्या गंगोत्रीसारख्या हिमनदीचा खालचा भाग दगडगोट्यांनी झाकलेला असतो. हा थर पातळ असेल तर तो तापून बर्फ लवकर वितळवतो. जाड असेल तर उलट पांघरुणाचे काम करतो. त्यामुळे मुख फारसे न हलता हिमनदी वरून पातळ होत जाते. भक्ताला गोमुखाचे दर्शन घडते तेव्हा ही बाब त्याच्या नजरेस पडत नाही, आणि ती केवळ मुखाकडे पाहणाऱ्या संशोधकाच्याही नजरेतून सुटू शकते.

यावरचा उपाय अगदी साधा आहे. हिमनदीत खोल भोके पाडून बांबूच्या काठ्या रोवायच्या आणि वर्षाअखेर काठी किती उघडी पडली ते मोजायचे. वरच्या भागात खड्डे खणून वर्षाचा हिमथर मोजायचा. दोहोंची वजाबाकी करायची. कालिदासाच्या मानदंडाच्या पोटात रोवलेली ही मापनकाठी. लाहौलमधील छोटा शिग्री हिमनदीवर दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातील संशोधक फ्रेंच सहकाऱ्यांसह २००२ पासून ही नोंद ठेवत आले आहेत. भारतीय हिमालयातील ही सर्वांत दीर्घ अखंड नोंदमाला आहे. तिच्यानुसार पहिल्या दीड-दोन दशकांत ही हिमनदी वर्षाला सरासरी जवळजवळ अर्धा मीटर जाडीच्या पाण्याच्या थराइतके वस्तुमान गमावत आली. एखाद्या वर्षी शिल्लकही पडते. म्हणूनच दहा-वीस वर्षांच्या नोंदीशिवाय बोलता येत नाही, आणि हिमालयातील हजारो हिमनद्यांपैकी अशी नोंद असलेल्या हिमनद्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. बाकीचे ज्ञान उपग्रहांतून येते.

नोंदी तुटपुंज्या असल्या की काय होते, याचे एक उदाहरण पाठचिकित्सेच्या अभ्यासकांना परिचित वाटेल. हवामानबदलविषयक आंतरशासकीय मंडळाच्या २००७ च्या अहवालात, तापमानवाढ अशीच राहिली तर हिमालयातील हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होण्याची शक्यता फार मोठी आहे, असे विधान होते. ते चूक होते. २०१० च्या जानेवारीत मंडळाने त्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. विधानाचा माग काढला असता ते एका निसर्गसंरक्षण संस्थेच्या २००५ च्या अहवालातून आणि तेथे ते १९९९ मधील एका विज्ञान-साप्ताहिकातील मुलाखतीवर आधारलेल्या वृत्तातून आल्याचे दिसून आले. त्याच परिच्छेदात हिमनद्यांचे क्षेत्र पाच लाख चौरस किलोमीटरवरून एक लाखावर येईल असेही म्हटले होते. हिमालय आणि काराकोरम मिळून हिमनद्यांचे एकूण क्षेत्रच सुमारे चाळीस हजार चौरस किलोमीटर आहे. तेव्हा हा आकडा मुळात दुसऱ्या कोणत्या तरी मजकुरातला असला पाहिजे, हे उघड होते. तो १९९६ च्या एका अहवालात ध्रुवप्रदेशांबाहेरील जगातील सर्व हिमनद्यांसाठी आला होता आणि त्यातील वर्ष २३५० होते. लेखनिकाच्या हातून अंकांची अदलाबदल झाली असावी, असा तर्क काही अभ्यासकांनी मांडला. प्रतीवरून प्रत करताना अपपाठ कसा रूढ होतो आणि प्रतिष्ठित पोथीत शिरल्यावर तो किती निःशंकपणे उद्धृत केला जातो, याचे एकविसाव्या शतकातील हे नमुनेदार उदाहरण आहे. दुर्दैवाने त्याचा परिणाम उलटा झाला. एक तारीख खोटी ठरली म्हणून पुष्कळांनी सारा ग्रंथच खोटा मानला.

ग्रंथ खोटा नव्हता. पूर्वोक्त पर्वतीय विकास केंद्राच्या २०२३ च्या अहवालानुसार २०११ ते २०२० या दशकात हिंदुकुश-हिमालयातील हिमनद्यांचा क्षय आधीच्या दशकापेक्षा ६५ टक्के अधिक वेगाने झाला. तापमानवाढ दीड ते दोन अंशांत राहिली तर २१०० पर्यंत सध्याच्या बर्फाचा ३० ते ५० टक्के भाग जाईल. उत्सर्जन अनिर्बंध राहिले तर ८० टक्क्यांपर्यंत. येथे 'नाहीशा होतील' असे एकही क्रियापद नाही, आणि तरीही हे आकडे २०३५ च्या भाकितापेक्षा अधिक अस्वस्थ करणारे आहेत, कारण ते मोजलेले आहेत.

हिमाचे, म्हणजे अजून बर्फ न झालेल्या हिमाचे, वर्तमान वेगळे आणि कदाचित अधिक तातडीचे आहे. हिमालयातील बहुतेक नद्यांत हिमनद्यांच्या बर्फापेक्षा ऋतूचे हिम वितळून येणारे पाणी अधिक असते. याच केंद्राच्या नोंदीनुसार नोव्हेंबर २०२४ ते मार्च २०२५ या हिवाळ्यात जमिनीवर हिम टिकून राहण्याचे प्रमाण सर्वसाधारण सरासरीपेक्षा २३.६ टक्के कमी होते; तेवीस वर्षांतील हा नीचांक होता. गंगेच्या मैदानाला मोसमी पावसाचा मोठा आधार आहे, त्यामुळे तेथे ही तूट काही अंशी झाकली जाते. सिंधूच्या खोऱ्याला तसा आधार नाही, आणि लडाखला तर मुळीच नाही.

लेह परिसरात वर्षभरात पडणारा पाऊस आणि हिम मिळून सुमारे १०० मिलिमीटर भरते. तेथील शेती ही पूर्णपणे वितळलेल्या पाण्याची शेती आहे. प्रवाहाचे पाणी पाटांतून 'झिंग' नावाच्या तळ्यात रात्रभर साठवायचे, सकाळी शेतांना पाळीपाळीने सोडायचे. पाळ्या ठरवण्यासाठी गावाने नेमलेला 'छुरपोन' असतो. सातूची पेरणी वसंतात करावी लागते, कारण उन्हाळा आखूड आहे. उशीर झाला तर पीक पिकण्याआधी थंडी येते. परंतु पाच हजार मीटरांवरील हिमनद्या जूनशिवाय पुरेसे पाणी देत नाहीत. एप्रिल-मेमधील ही पोकळी आजवर खालच्या उतारांवरचे हिवाळी हिम भरून काढीत असे. ते हिम कमी पडू लागले, लवकर वितळू लागले, की वर हिमनदी शाबूत असूनही शेत कोरडे राहते. जुलैत पाणी येते, वाहून जाते. वार्षिक बेरीज काढली तर कदाचित पाणी पूर्वीइतकेच, क्वचित अधिकही भरेल. हिमनद्या वेगाने वितळत असताना काही दशके नद्यांचे पाणी वाढतच असते आणि त्यानंतर ते उतरणीला लागते. या शतकाच्या मध्याच्या आसपास तो कळस येईल असा अंदाज आहे. पण शेतकऱ्याला वार्षिक बेरीज पेरता येत नाही. झंस्करमधील कुमिक हे तेथील जुन्या गावांपैकी एक. वरचे हिमक्षेत्र आटत गेल्याने २००० च्या सुमारास गावकऱ्यांनी गाव सोडून खाली नदीच्या पठारावर नवी वस्ती करण्याचा निर्णय घेतला. दुष्काळाने उठलेली गावे महाराष्ट्रातही आहेत. येथे फरक इतकाच की पावसाची वाट पाहण्याचा प्रश्नच नव्हता.

लडाखने यावर जो उपाय शोधला तो हिम आणि काळ यांच्या संबंधाची फार सूक्ष्म जाण दाखवतो. चेवांग नॉरफेल या स्थापत्य अभियंत्याने १९८७ पासून 'कृत्रिम हिमनद्या' उभारण्यास सुरुवात केली. हिवाळ्यात वाया जाणारे ओढ्याचे पाणी सावलीच्या बाजूला वळवायचे, दगडी बांधांच्या पायऱ्यांवरून त्याचा वेग मंदावायचा आणि थरावर थर गोठू द्यायचा. जागा नैसर्गिक हिमनदीपेक्षा बरीच खाली, गावाच्या जवळ निवडायची. तेथे बर्फ लवकर वितळतो, आणि नेमके तेच हवे असते. सोनम वांगचुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३-१४ मध्ये हेच तत्त्व उभ्या आकारात आणले. नळातून स्वतःच्या दाबाने वर उसळणारे पाणी कडाक्याच्या थंडीत गोठून शंकू तयार होतो. उंच शंकूचा फार थोडा पृष्ठभाग उन्हाला सामोरा जात असल्याने तो वसंतापर्यंत तग धरतो. त्याला 'हिमस्तूप' हे नाव मिळाले, आणि बौद्ध प्रदेशात ते सहज रुजले. स्तूप अवशेष जपण्यासाठी असतो, हा त्या नावातील दुसरा अर्थ कदाचित कोणाच्या मनात नसेल. या रचना हिमनदीची जागा घेऊ शकत नाहीत. त्या काही आठवड्यांची उसनवारी आहेत, आणि त्या उसनवारीसाठीही हिवाळ्यात ओढ्याला पाणी असावे लागते.

पाणी अवेळी येण्याचे दुसरे रूप आपत्तीचे आहे. वृत्तपत्रांत अशा सर्व घटना 'हिमकडा कोसळला' या एका शब्दप्रयोगाखाली जमा होतात. वस्तुतः त्यांची यंत्रणा वेगवेगळी आहे. केदारनाथला जून २०१३ मध्ये अतिवृष्टी झाली, उरलेल्या हिमावर पाऊस पडला आणि मंदिराच्या वर सुमारे दोन किलोमीटरांवरील चोराबारी सरोवराचा सैल हिमोढांचा काठ १७ जूनच्या सकाळी फुटला. चमोली जिल्ह्यात ७ फेब्रुवारी २०२१ रोजी सरोवर नव्हतेच. रोंती शिखराच्या उतारावरून सुमारे २.७ कोटी घनमीटर खडक आणि बर्फ सुटला, पडताना घर्षणाने बर्फाचे पाणी झाले आणि ऋषिगंगा-धौलीगंगेच्या खोऱ्यात दोनशेहून अधिक माणसे मेली वा बेपत्ता झाली. त्यांत जलविद्युत प्रकल्पांवरील मजूर बहुसंख्य होते. चिपको आंदोलनामुळे साहित्यात आणि इतिहासात नोंदले गेलेले रैणी गाव याच वाटेवर आहे. सिक्कीममध्ये ऑक्टोबर २०२३ च्या प्रारंभी दक्षिण ल्होनाक सरोवराच्या काठचा गोठलेला हिमोढ पाण्यात कोसळला, लाट उसळून बांध फुटला आणि चुंगथांग येथील तीस्ता-३ हे १२०० मेगावॅटच्या प्रकल्पाचे धरण वाहून गेले. गोठलेल्या पाण्याने उंच कड्यांतील भेगा आणि दगडमाती सांधून ठेवलेली असते. ते सांधे सैल झाले की पर्वत स्वतःच सुटू लागतो. एखाद्या विशिष्ट घटनेचे सारे खापर हवामानबदलावर फोडणे शास्त्राला धरून होत नाही. मात्र हिमनद्या मागे हटल्यावर त्यांच्या जागी सरोवरे तयार होतात आणि वाढतात, आणि त्यांच्या खालच्या खोऱ्यांत धरणे, रस्ते व वस्त्या बांधण्याचा निर्णय माणसांचा असतो, याबद्दल दुमत नाही.

साहित्याने या बदलाला दिलेला प्रतिसाद अजून विरळ आहे. पण एक नवा प्रकार जन्माला येत असल्याचे दिसते. आइसलँडमधील ओक हिमनदी २०१४ मध्ये हिमनदी म्हणून संपल्याचे घोषित झाले, कारण स्वभाराने वाहण्याइतकी जाडी तिच्यात उरली नव्हती. ऑगस्ट २०१९ मध्ये तेथे एक धातूची पाटी बसवण्यात आली. तिच्यावरील मजकूर आंद्री स्नायर मॅग्नासन या आइसलँडिक लेखकाचा आहे. तो भविष्यातील वाचकाला उद्देशून आहे आणि वातावरणातील कार्बन डायऑक्साइडचे त्या वेळचे प्रमाण त्यात कोरलेले आहे. मे २०२५ मध्ये नेपाळच्या लांगटांग खोऱ्यातील याला हिमनदीजवळ असाच समारंभ झाला. १९७० च्या दशकातील पहिल्या मोजणीपासून याला सुमारे दोन-तृतीयांश आक्रसली आहे आणि तिचे मुख ७८४ मीटर मागे गेले आहे. तेथील पाट्यांचा मजकूर मॅग्नासन आणि नेपाळी वंशाच्या इंग्रजी लेखिका मंजुश्री थापा यांनी लिहिला.

या पाट्यांना कोणत्या वाङ्मयप्रकारात बसवावे, हे सोपे नाही. शिलालेख दान, विजय वा मृत्यू नोंदवतो, आणि त्याची भाषा घडून गेलेल्या घटनेची असते. ओकची पाटी त्या अर्थाने मृत्युलेख आहे. यालाची तशी नाही. ती लिहिली गेली तेव्हा हिमनदी आक्रसलेली, पण अस्तित्वात होती, आणि तिच्यावर दरवर्षीची मोजणी होत आली होती. विलापिकेची भारतीय परंपरा गेलेल्यासाठी आहे. जाणाऱ्याच्या समोर उभे राहून लिहिलेल्या मजकुराला ती काय म्हणेल, याची चर्चा अजून झालेली नाही.